पणजोबांचं नाव कुठल्या कागदावर असेल?

बऱ्याच घरांत वंशावळ पहिल्यांदा काढली जाते ती जातपडताळणीसाठी. शपथपत्रावर सगळ्यात वर मूळ पुरुष, खाली त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे आणि तळाला ज्याला दाखला हवाय तो. वरचं नाव कुठल्यातरी काकांनी फोनवर सांगितलेलं असतं. पुरावा लागतो तो ठरलेल्या तारखेआधीचा: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. तेवढा एक कागद सापडला की शोध संपतो आणि फाइल कपाटात जाते. पण घरातल्या एखाद्याच्या डोक्यात तेव्हापासून किडा वळवळायला लागतो. या मूळ पुरुषाचा बाप कोण? तो याच गावचा होता का?

मला तो किडा बारा वर्षांपूर्वी लागला. तेव्हापासून स्वतःचं घराणं शोधताना आणि ओळखीपाळखीच्या दहा-बारा घरांना मदत करताना एक गोष्ट पक्की कळली. पूर्वजांचे कागद कुणी नातवंडांसाठी लिहून ठेवलेले नाहीत. कुणाला सारा वसूल करायचा होता, कुणाला हक्क सिद्ध करायचा होता, कुणाचा भावाशी तंटा होता, कुणाला तीर्थावर पुण्य हवं होतं. तेव्हा ‘पूर्वजांची माहिती कुठे मिळेल’ असं विचारत बसू नये. ‘माझ्या पूर्वजाचं नाव लिहून ठेवायची गरज कुणाला पडली असेल’ असं विचारावं. शेतकऱ्याचं नाव तलाठ्याच्या दप्तरात असतं, शिपायाचं पलटणीच्या. ज्याच्याकडून काही घ्यायचं नव्हतं आणि ज्याला काही द्यायचं नव्हतं त्याचं नाव शोधणं सगळ्यात अवघड.

घरातून सुरुवात

आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. शक्यतो आत्याजवळ. आत्याला माहेरचं सगळं आठवतं आणि सांगायला तिला कुणाची भीड नसते. फक्त तिला सन विचारू नका. ‘तुमचे आजोबा कधी वारले’ याला उत्तर येतं ‘लई वर्सं झाली’. ‘प्लेगाच्या आधी की नंतर’ असं विचारलं की गाडी रुळावर येते. मुंबई इलाख्यात प्लेग १८९६ साली आला आणि पुढे कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा येत राहिला. लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहायचे. छप्पनचा दुष्काळ म्हणजे विक्रम संवत १९५६, इसवी १८९९-१९००. मानमोडीची साथ म्हणजे १९१८चा इन्फ्लुएंझा. पुण्याकडच्या माणसाला पानशेतचा पूर विचारावा (१९६१), कराड-पाटणकडच्याला कोयनेचा भूकंप (१९६७). ‘बाबा भूकंपाच्या वेळी रांगत होते’ हे वाक्य जन्मतारखेच्या दाखल्यापेक्षा भरवशाचं असू शकतं.

दाखल्याचं म्हणाल तर आपल्या आजोबांच्या पिढीतली निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली असावीत असं शाळेची रजिस्टरं पाहून वाटतं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मुलाला घेऊन बाप यायचा, तारीख त्याला ठाऊक नसायची. मास्तर पोराच्या अंगापिंडाकडे बघून वय ठरवायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. अशा दाखल्यावरचं वर्षसुद्धा एक-दोन वर्षं इकडेतिकडे धरावं.

आत्याशी बोलून झालं की माळ्यावर चढा. जुन्या पोथीचं शेवटचं पान, लग्नपत्रिका, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, आणि हो, भांडी. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती. कुणी कुणाला कशाबद्दल दिलं आणि कधी, हे घंगाळाच्या काठावर ठोकून लिहिलेलं असतं. घरातल्या बायकांची नावं कागदापेक्षा भांड्यांवर जास्त सापडतात, असं मी अनुभवाने सांगतो. पण भांडी मोडीत घालायचीही पद्धत होती, त्यामुळे घाई करा.

ज्या घरांत श्राद्ध-पक्ष होतो तिथे आणखी एक साठा असतो. श्राद्धात बाप, आजा आणि पणजा या तिघांची नावं घ्यावी लागतात, तशीच आई, आजी, पणजी यांची. आईच्या माहेरच्या पिढ्यांचीही घेतात. नावं विसरू नयेत म्हणून कुणीतरी ती वहीत टिपून ठेवलेली असतात. शिवाय तिथी. साल कुणालाच माहीत नसतं, पण ‘आजोबांची तिथी वद्य चतुर्थी’ हे घरभर पाठ असतं. पुढे मृत्यूची नोंद सापडली की तारखेवरून तिथी काढून पडताळता येते.

हे सगळं एका वहीत उतरवताना प्रत्येक गोष्टीपुढे ती कुठून कळली ते लिहा: अमक्या आत्याने सांगितलं, अमक्या भांड्यावर होतं, फेरफार क्रमांक अमुक. हा कंटाळा मी पहिली दोन वर्षं केला आणि नंतर तेच कागद पुन्हा शोधत बसलो.

फेरफार: तलाठ्याने लिहिलेला कौटुंबिक इतिहास

घरात थोडी जरी जमीन असेल किंवा कधीकाळी होती, तर खरी खाण इथे आहे. सातबारा सगळ्यांना माहीत असतो. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, बारा म्हणजे तीत काय पिकलं. पण सातबारा हा आजचा फोटो झाला. त्यावर मालकांच्या नावाजवळ गोलात किंवा कंसात छोटे आकडे असतात, त्यांच्याकडे बघा. ते फेरफारांचे क्रमांक. जमिनीवरच्या हक्कात बदल झाला, म्हणजे कुणी वारलं, कुणी विकली, भावाभावांची वाटणी झाली, बोजा चढला, की तो बदल गाव नमुना सहामध्ये नोंदवतात. हाच फेरफार. आणि सातबाऱ्यावर एखाद्या नावालाच कंस घातलेला दिसला तर ते नाव कमी झालंय असं समजायचं. कशामुळे कमी झालं ते फेरफार सांगतो.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला आणि त्यानंतर गावोगाव या नोंदी सुरू झाल्या. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात नशीब चांगलं असेल तर आजच्या सातबाऱ्यावरून एकेक फेरफार मागे जात शंभर वर्षं गाठता येतात. नमुन्यादाखल एक नोंद बघू. नावं मी बनवलेली आहेत, भाषा मात्र अशीच असते:

‘खातेदार धोंडी बिन सखाराम हा सुमारे दोन वर्षांपूर्वी मयत. त्यास वारस मुलगे १) गोविंदा २) बाबू अज्ञान, पालन करणार आई जनाबाई कोम धोंडी. सबब वारसांची नावे दाखल केली.’

चार ओळी. पण यात काय काय आहे ते मोजा. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. म्हणजे वारलेल्या धोंडीचा बाप सखाराम, वरची एक पिढी फुकटात मिळाली. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, तेव्हा जनाबाई ही धोंडीची बायको. मुसलमान घरांत, आणि काही भागांत इतरांतही, ‘बिन’ऐवजी ‘वलद’ येतं, अर्थ तोच. ‘अज्ञान’ हा शब्द वाचून दचकू नका, त्याचा अर्थ वयात न आलेला. म्हणजे बाबू तेव्हा लहान होता आणि गोविंदा सज्ञान. नोंदीच्या तारखेवरून दोघांच्या जन्माचा अंदाज बांधता येतो. धोंडी कधी वारला? नोंदीच्या तारखेला तर नक्कीच नाही. लोक वारसनोंद सवडीने लावायचे, कधी दोन वर्षांनी, कधी कर्ज काढायची वेळ आल्यावर. फेरफाराच्या तारखेला मृत्यूची तारीख समजणं ही नवख्याची हमखास चूक, माझ्याही हातून झालेली.

अशीच एक ठेच ‘ए.कु.मॅ.’ला लागते. एकत्र कुटुंब मॅनेजर. चार भावांची जमीन थोरल्याच्या एकट्याच्या नावावर, पुढे ही तीन अक्षरं. ती नजरेतून सुटली तर धाकटे तीन भाऊ आणि त्यांचा सगळा वंश हातचा जातो. मी एका घराचा वृक्ष काढताना नेमकं हेच केलं होतं. पुढे एका लग्नात भलत्याच गावचे पाहुणे भेटले आणि ‘आम्ही तुमचेच भाऊबंद’ म्हणाले, तेव्हा ती तीन अक्षरं मी पुन्हा जाऊन वाचली.

फेरफारांत कायद्यांची पावलंही दिसतात, आणि शोधताना ती उपयोगी पडतात. १९५६ला हिंदू वारसा कायदा आला. त्याआधीच्या वारसनोंदींत बहुधा मुलगेच; मुली जणू जन्मल्याच नव्हत्या. नंतरच्या नोंदींत मुली यायला लागतात, सासरच्या नावानिशी आणि कित्येकदा सासरच्या गावानिशी. आजोबांच्या बहिणी कुठे दिल्या होत्या हे घरात कुणाला सांगता येईना, ते मला एका वारसनोंदीने सांगितलं. त्याच बहिणींची नावं दोन फेरफार पुढे पुन्हा आली, ‘हक्कसोड’ म्हणून. वाचताना बरं वाटत नाही, पण त्यांचा माग लागला तो त्यामुळेच.

कुळांचंही तसंच. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं नाव मालकी हक्कात नसायचं. १९४८चा कुळकायदा आणि मग १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. तेव्हा तुमचं घराणं कुळांचं असेल तर १९५७नंतरचे फेरफार आणि कुळकायद्याच्या कलम ‘३२ ग’ची प्रकरणं चाळा. आधी इतर हक्कांच्या रकान्यात दडलेलं नाव तिथे ठळकपणे वर येतं.

कागद मिळतात कुठे? जुने सातबारे आणि फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात, अर्ज करून नक्कल मिळते. बऱ्याच जिल्ह्यांचे कागद स्कॅन करून सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरही चढवले आहेत. मोजणीचे त्याहून जुने कागद, शेतवार पत्रक, आकारबंद वगैरे, भूमी अभिलेख कार्यालयात. मराठवाड्याचं दप्तर वेगळं, कारण तो १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे खासरा पत्रक, पाहणी पत्रक हे शब्द लक्षात ठेवा, आणि जुनं काही निघालं तर ते उर्दूत असण्याची तयारी ठेवा. विदर्भाची घडी तिसरीच, आणि संस्थानी मुलखाची चौथी. तुमचं गाव १९४७ साली कुणाच्या अमलाखाली होतं, हे माहीत नसताना कुठल्याही कार्यालयाची पायरी चढू नका. चुकीच्या जिल्ह्यात दोन दिवस घालवलेल्या माणसाचा हा सल्ला आहे.

कोतवाल बुक

जन्ममृत्यूच्या नोंदीचं गावपातळीवरचं रजिस्टर म्हणजे गाव नमुना चौदा. बोलीत कोतवाल बुक. यात शोधताना एक गंमत लक्षात ठेवावी लागते: जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच. नोंद करायला कोतवाल आला तेव्हा बारसं झालेलं नसायचं. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बापाचं नाव, जात आणि तारीख. तेव्हा आजोबांच्या नावाने शोधाल तर काही हाती लागणार नाही, पणजोबांच्या नावाने शोधा. मग त्याच बापाची पाच-सहा अपत्यं दिसतील, मधेच त्यातल्या दोघांच्या मृत्यूच्या नोंदी दिसतील, एकाला ताप, एकाला पटकी. पटकी म्हणजे कॉलरा. घरात कुणी कधी उच्चारलं नाही असं मूल तिथे भेटतं.

शाळेचं जनरल रजिस्टर याच्या जोडीने बघावं. कोतवाल बुकातला ‘मुलगा’ आणि शाळेतला ‘नारायण’ एकच का, हे बापाचं नाव आणि साल जुळवून ठरतं. एक जूनची खोड लक्षात असू द्या म्हणजे झालं.

जनगणनेची आशा मात्र सोडा. इंग्लंड-अमेरिकेतली माणसं जुन्या जनगणनेच्या पानांवर घरातली नावं वाचतात, ते पाहून आपल्यालाही तसं काही मिळेल असं वाटतं. आपल्याकडे जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होतात, माणसांची माहिती कायद्याने गुप्त.

मोडी आणि सालांचा घोळ

साधारण १९००च्या मागे गेलात की अक्षर बदलतं. मोडी. हात न उचलता भरभर लिहायची लिपी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि अक्षरं तिला टांगत जायचं. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, आणि नेहमीचे शब्द एक-दोन अक्षरांत आटोपतात. पाटलाचा ‘पा.’, मौजेचा ‘मौ.’. भिऊ नये. दोन-तीन महिने रोज तासभर बसलं तर नावं आणि गावं ओळखू यायला लागतात, आणि वंशावळीला तेवढं पुष्कळ झालं. पुराभिलेख संचालनालय आणि काही इतिहास मंडळं मोडीचे वर्ग घेतात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक जे दिवस आले, ते मोडी शिकवणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांच्या शब्दांत सांगायचं तर ‘चाळीस वर्षांत नव्हते आले’.

मोडीपेक्षा डोकं जास्त फिरतं ते सालांनी. जुन्या कागदावर इसवी सन नसतो. शालिवाहन शक असेल तर सोपं, ७८ मिळवा. वर्ष पाडव्याला बदलतं, म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९. मराठवाड्यात फसली सन, त्यात साधारण ५९० मिळवा. पण पेशवाईतल्या कागदांवर असतो सुहूर सन, तोही आकड्यांत नाही तर अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०. हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला लागायचं, तेव्हा हा सन १७६०च्या मृगापासून १७६१च्या मृगापर्यंत चालला. पानिपतची लढाई याच सनात बसते, १४ जानेवारी १७६१. आणि तीच तारीख शकात शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. इथे ७८ नाही, ७९ मिळवायचे. एकदा या एका तारखेवर तिन्ही सनांची गणितं करून पाहिली की पुन्हा चूक होत नाही.

आता एवढ्या मागे तुमच्या घराण्याचं नाव असेल का? वतन असेल तर जवळजवळ नक्की. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देशपांडेपण, जोशीपण ही वतनं वंशपरंपरेची, त्यामुळे ‘मीच खरा वारस’ हे दाखवायला वंशावळ द्यावी लागे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इनाम कमिशन बसवलं आणि इनामदारांकडून सनदा मागितल्या, तेव्हा लोकांनी कैफियती लिहून दिल्या: हे इनाम कुणाला, कधी, कशाबद्दल मिळालं आणि तेव्हापासून आजवर कोण कोण झालं. पेशवे दप्तर आणि त्याला जोडलेले हे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमाल म्हणजे खरोखरच रुमाल, कापडात बांधलेला गठ्ठा. मोडीचे असे हजारो रुमाल आहेत. कोल्हापूरचं दप्तर कोल्हापुरात. पुण्यातच भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१०पासूनचं, तिथेही घराण्यांची दप्तरं आहेत.

पण कैफियत वाचताना लिहिणाऱ्याचा हेतू विसरायचा नाही. त्याला जमीन राखायची होती. गैरसोयीचा चुलता वंशावळीतून गळतो, दत्तक मुलगा नुसता ‘मुलगा’ होतो.

ज्यांना वतन नव्हतं, त्यांचं काय?

इथे लोक हात टेकतात. मला उलट हा भाग सगळ्यात रंगतदार वाटतो.

जुन्या काळी गावात तंटा झाला की गोत, म्हणजे गावकऱ्यांची सभा, जमायचं आणि निवाड्याचा कागद, म्हणजे महजर, लिहिला जायचा. त्याच्या शेवटी हजर असलेल्यांची नावं. एकटा पाटील-कुलकर्णी नव्हे. सुतार, लोहार, चांभार, परीट, न्हावी, महार, सगळे. सही येत नव्हती म्हणून नावापुढे निशाणी काढलेली, पाटलाचा नांगर, बलुतेदाराचं त्याच्या त्याच्या धंद्याचं हत्यार. तुमच्या पूर्वजाच्या घरी एक कागद नसेल, पण दुसऱ्याच्या भांडणाच्या कागदावर तो साक्षीला उभा असू शकतो. तेव्हा फक्त आपल्या आडनावाचे कागद शोधणारा माणूस निम्म्याला मुकतो. गावाचे कागद वाचायचे.

महार वतन आणि इतर कनिष्ठ गावकामगार वतनं १९५८च्या कायद्यापर्यंत टिकली. १८७४च्या वतन कायद्यापासून त्यांच्या वारसांच्या नोंदी सरकारदरबारी होत गेल्या, म्हणून ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता अशाही घरांची वतनी रजिस्टरं निघतात. याशिवाय जेलच्या कच्च्या कैद्यांची रजिस्टरं, अबकारीच्या ताडी-माडीच्या परवान्यांची रजिस्टरं, पोलिसांचे पंचनामे. एखाद्याचे आजोबा पहिल्यांदा कागदावर येतात ते दारूच्या केसमध्ये. नातू आधी ओशाळतो आणि मग झेरॉक्स मागतो.

सातारा, रत्नागिरीकडच्या काही गावांत भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली असते: या गावातून महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतके कामी आले, १९१४-१९१९. नावं नसतात, आकडे असतात. पण कामी आलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत, पलटण आणि मृत्यूच्या तारखेसह, आणि बऱ्याचदा बापाचं नाव, गाव, तालुकाही. स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेलं, तेव्हा मोठ्याने वाचून बघावं. घरात ‘लढाईवर गेला तो आलाच नाही’ एवढीच गोष्ट असलेला चुलतपणजोबा तिथे मेसोपोटेमियात मिळालेला मी पाहिला आहे.

मॉरिशसला गेलेल्यांचंही असंच. मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची, म्हणजे करारावर मजुरीला नेलेल्यांची, रजिस्टरं आहेत, काहींच्या तर फोटोंसह. कोकणातल्या गरीब घराचा एकोणिसाव्या शतकातला फोटो गावात कुठेच नसेल, तो तिकडे आहे.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि हेळवी

त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया, हरिद्वार. इथल्या उपाध्यांकडे यजमानांच्या नामावळी असतात, गाव आणि आडनावावर लावलेल्या. गेल्याबरोबर विचारतात, ‘आडनाव काय, मूळ गाव कुठलं?’ मूळ गाव, राहतं नव्हे. ते चुकलं तर वही सापडत नाही. बरोबर सांगितलं तर उपाध्ये एक लांबोडकी चोपडी काढतात आणि तुमच्या पणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ समोर येते: मी अमुक, वडील अमुक, भाऊ अमुक, मुलगे अमुक, मातोश्रींच्या अस्थी घेऊन आलो. फेरफार तलाठ्याने लिहिलेला असतो. हे खुद्द माणसाने लिहिलेलं, त्यामुळे माझ्या हिशेबी याचं वजन जास्त. तिथे तुम्हीही तुमची नोंद करून या, आणि घरातल्या बायकांची नावं पुरती लिहा, पुढच्याची सोय होईल.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडे कर्नाटकात हेळवी आहेत. गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगणं आणि वाढवत नेणं हाच त्यांचा पिढीजात धंदा. सुगीला दारात यायचे, पिढ्या म्हणून दाखवायचे, नवी जन्मलेली नावं चढवून घ्यायचे आणि बिदागी घेऊन जायचे. खानदेशाकडे हेच काम भाट करतात. त्यांचं सगळं सांगणं पुरावा म्हणून चालेलच असं नाही. दोन-तीनशे वर्षांपलीकडे गेले की ते थेट राजघराण्याला नेऊन भिडवतात. पण अलीकडच्या पाच-सहा पिढ्या, आणि मुख्य म्हणजे हे घराणं कुठल्या गावाहून इथे आलं, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

आडनावाची फसगत

‘आमचं आडनाव पानिपतच्या अमक्या सरदाराचं, म्हणजे आम्ही त्यांचेच’ हे मी किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. एकाच आडनावाची शंभर घराणी असतात. मधल्या प्रत्येक पिढीचा कागद हातात नसेल तर तो बादरायण संबंध. शोध नेहमी आपल्यापासून मागे जातो. वरच्या थोर पुरुषापासून खाली यायला लागलात की कुठेतरी आपल्याला हवा तसा सांधा आपणच बनवतो.

‘कर’ लागलेल्या आडनावांत मात्र खरी माहिती दडलेली असते, फक्त उलट्या बाजूने. चिपळुणात राहणाऱ्याला चिपळुणात कुणी चिपळूणकर म्हणत नाही. ते नाव पडतं गाव सोडल्यावर. म्हणजे आडनाव सांगतं की पूर्वजाने ते गाव कधीतरी सोडलं. मग जिथे गेला तिथल्या जुन्या कागदावर त्याचं आधीचं उपनाव सापडायची शक्यता असते. कुलदैवताचंही तसंच: पाच जिल्हे ओलांडून एखाद्या आडगावच्या देवीला कुळाचार होत असेल तर मूळ गाव त्या बाजूला शोधून बघावं.

आणि तीच ती नावं. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे गणपत सखाराम, सखाराम गणपत, पुन्हा गणपत सखाराम. दोन गणपत सखारामांना एकच समजलं की आजोबाच स्वतःचे नातू होतात. सालं लिहून बघा. एक माणूस एकशेचाळीस वर्षं जगलेला दिसला तर ते दोघं आहेत.

डीएनए चाचणीबद्दल हल्ली सगळे विचारतात. थोडक्यात, ती जिवंत नातेवाईक जुळवून देते, नावं देत नाही. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून सगळ्या मुलांकडे. दोन्हींतून एकेक सरळ रेघ दिसते. दहा पिढ्या मागे गेलं तर गणिताने तुमचे १०२४ पूर्वज होतात, त्यांतल्या दोघांबद्दल ही रेघ बोलते. आपल्या भागातून चाचणी केलेली माणसंही अजून थोडीच, त्यामुळे जुळणी बहुधा लांबची येते.

माझी स्वतःची गाडी अडली आहे ती पणजीपाशी. फेरफारात ती ‘मयताची विधवा’, नाव नाही. कोतवाल बुकात तिच्या मृत्यूचं पान वाळवीने खाल्लेलं. आत्या म्हणायची तिचं नाव लक्ष्मी. मग दोन वर्षांपूर्वी चुलतभावाने जुना वाडा पाडायला काढला आणि अडगळीतून एक पितळी डबा निघाला. चिंच लावून घासल्यावर झाकणावर ठोकलेली अक्षरं दिसली: ‘चि. ठकू हिस मामाकडून’, खाली शके १८२६. म्हणजे १९०४च्या आसपास, लग्नातलं भांडं असणार. लक्ष्मी हे सासरचं नाव, ठकू माहेरचं. आता तिच्या मामाचं गाव शोधायचं आहे. डब्याच्या बुडावर कासाराची खूण आहे, तिचा ठसा कागदावर काढून घेतलाय आणि पुढच्या महिन्यात एका जुन्या तांबटाला दाखवायला जाणार आहे.